शिक्का तिचा, उत्तरं कुणाची?

मंगळवार, ७ जानेवारी. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. सु-आओ बंदराच्या मागची दुसरी गल्ली, सूमान काकूच्या घराची पुढची खोली. टेबलावर चहाचे दोन पेले, विम्याचे कागद, लाल शाईची डबी आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्याचं झाकण उघडं. आत एक्केचाळीस शिक्के. त्यातला एक मी.

मी एक लाकडी शिक्का बोलतोय. लांबीला बोटाएवढा, तळाला चौकोनी. तळावर कोरलेलं नाव आहे त्साई युए-शिया. माझ्या अंगावर ती अक्षरं उलटी आहेत, कागदावर उतरली की सुलटी होतात. आमच्या तैवानात माणसाने अमुक गोष्टीला होकार दिला, याचा पुरावा म्हणजे मी. सरकार मला मानतं, टपालखातं मानतं, विमा कंपनी तर माझ्यापुढे माणसालाही मानत नाही. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

गेली बावीस वर्षं मी त्या डब्यात होतो. त्या बावीस वर्षांत माझ्या तोंडून जे वदवून घेतलं गेलं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

माझा जन्म १९६७ च्या हिवाळ्यातला. देवीच्या देवळामागे एक कोरक्या बसायचा. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला वाट नाही, एवढं त्याचं दुकान. तिथे दोघी बहिणी आल्या. थोरली युए-चिन एकोणीस वर्षांची, धाकटी युए-शिया पंधराची. गल्लीत कुणी कुणाला पूर्ण नावाने हाक मारत नाही, त्यामुळे एक आ-चिन, दुसरी आ-शिया. आ-चिनला समुद्रापलीकडे इशिगाकी बेटावर अननसाचे डबे भरायच्या कामावर जायचं होतं, तिला प्रवासाच्या कागदांसाठी शिक्का हवा होता. आ-शियाला बंदरावरच्या बांगडा मासळीच्या कारखान्यात लागायचं होतं, तिला पगारपत्रकासाठी हवा होता. शिक्क्यांसाठी लाकडाच्या दोन काठ्या घेण्याची ऐपत नव्हती. दोघींनी मिळून एक निवडली आणि कोरक्याने ती मधोमध कापली. वरचा तुकडा आ-चिनचा झाला, खालचा मी.

कोरक्याने फुंकर मारून माझ्यावरचा भुसा उडवला आणि म्हणाला, "हा कुणाच्या हाती द्यायचा नाही. नवऱ्याच्याही नाही."

"आणि नवरा चांगला निघाला तर?" आ-चिनने विचारलं.

"तर मुळीच नाही. वाईटाच्या हातून तुम्ही स्वतःच हिसकावून घ्याल."

दोघी हसत सुटल्या. पंधरा दिवसांनी आ-चिनची बोट गेली. मी तेव्हा आ-शियाच्या जाकिटाच्या खिशात होतो, तिच्या मुठीत. इतकी घट्ट मूठ मी नंतर पुष्कळ वर्षं पाहिली नाही.

आ-चिन एका हंगामासाठी गेली होती. तिकडेच अननस पिकवणाऱ्या, आपल्याच भाषेच्या एका घरात तिचं लग्न झालं आणि ती राहिली. आईच्या अंत्यविधीला आली, त्यानंतर नाही. आ-शिया एकदाच तिकडे गेली, १९८९ मध्ये, बोटीने, चार दिवसांसाठी. मग मुलगी लहान, मग नवऱ्याची होडी, मग नवऱ्याचं आजारपण, मग तिचं स्वतःचं. सु-आओहून जपानचं इशिगाकी समुद्रमार्गे अडीचशे किलोमीटरही भरत नाही. अंतर सांगायचं तर एवढंच. पण आ-शियाच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं लागली, एक इथलं आणि एक तासभर पुढे असलेलं तिथलं. भात शिजायला टाकताना ती दुसऱ्या घड्याळाकडे बघते आणि स्वतःशीच म्हणते, "ताईचं जेवण झालं असेल."

आता कारखान्याची गोष्ट. सांगायला मला आवडत नाही, पण मी तिथे होतो. हंगामाच्या आधी कारखान्याचा डॉक्टर मुलींना ताकदीची सुई द्यायचा. मुलींनी रांगेत यायचं, वहीत शिक्का मारायचा, बाही वर करायची. १९७१ च्या वसंतात त्या वहीच्या एका पानावर माझ्यासकट चौसष्ट शिक्के उमटले. सुई एक होती. दोन मुलींच्या मध्ये ती कापसाने पुसली जायची, आणि तो कापूसही दर वेळी नवा नसायचा. पुढे आ-शियाच्या लिव्हरमध्ये जो विषाणू सापडला, तो तिथून आला की आईच्या पोटातून, हे आज कोणताही डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. कदाचित त्या वहीवरून काही शोधता आलं असतं. कारखाना बंद झाला, वही रद्दीत गेली. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात कुणीतरी लिव्हरची गोळी घेतं. लोक त्याला नशीब म्हणतात. मी त्याला नशीब म्हणायला तयार नाही.

आ-शियाला तिचा आजार २००२ साली कळला, पन्नाशीत. बंदरावर फुकट रक्ततपासणीची गाडी आली होती, ती बाजारातून येताना सहज चढली. तेव्हापासून रोज पहाटे, काही खायच्या आत, एक गोळी. बावीस वर्षांत तिने एकही चुकवली नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी मी डब्यात गेलो.

सूमान ही आ-शियाच्या नवऱ्याची चुलत बहीण, म्हणजे नणंद. विम्याचं काम तिने नुकतंच सुरू केलं होतं. एक सांगून ठेवतो, सूमान वाईट बाई नाही. वाईट असती तर ही गोष्ट पुष्कळ सोपी झाली असती. कुणी आजारी पडलं की सफरचंदांची पेटी घेऊन इस्पितळात पहिली पोचणारी ती. कुणी गेलं की रात्रभर बसून कागदी कमळं दुमडणारी ती. नव्या वर्षाचं लाल कॅलेंडर घरोघर तीच वाटते. तिच्या शब्दावर गल्लीने विमे काढले, कागदाच्या शब्दांवर नाही. आणि दर वेळी शिक्क्यासाठी लोकांना कामं सोडून यायला लावणं तिला बरं वाटेना, म्हणून तिने सगळ्यांचे जादा शिक्के मागून घेतले. "तुमची खेप वाचेल," म्हणाली. लोकांनी खुशीने दिले. आ-शियानेही दिला.

डब्यात आम्ही एक्केचाळीस. काही लाकडी, काही प्लास्टिकचे, एक म्हशीच्या शिंगाचा, जो स्वतःला फार समजायचा. सूमान अर्ज भरायची तेव्हा आम्हाला बाहेर काढायची. अर्जात प्रश्नांची एक उभी ओळ असते. हृदयविकार? मधुमेह? यकृताचा आजार? मूत्रपिंड? प्रत्येकापुढे दोन चौकोन, हो आणि नाही. सूमानचं पेन 'नाही'च्या चौकोनांवरून वरून खाली जायचं, भाताच्या रोपांची रांग लावावी तसं, मान वर न करता. मग शिक्का. एक्केचाळिसांतल्या अकरा जणांचे मालक लिव्हरचे रोगी होते. आम्ही अकराही जण दर वेळी शपथेवर निरोगी ठरलो.

आणि मी काय केलं? मी उमटलो. स्पष्ट उमटलो, कड न फुटता. शिक्क्याला दुसरं काही करता येत नाही. पण 'दुसरं काही करता येत नव्हतं' असं म्हणणारी माणसं मी नंतर इतकी पाहिली, की ते वाक्य स्वतःच्या बाबतीत वापरायची मला लाज वाटते.

आमच्या चांद्र पंचांगाचं यंदाचं नवं वर्ष २९ जानेवारीला होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकी माहेरी जातात. आ-शियाचं माहेरचं घर बंदराच्या रस्त्यात गेलं, आईवडील कधीच गेले, भाऊ नव्हता. माहेर म्हणून जे उरलं होतं ते पलीकडे, इशिगाकीत, आ-चिनच्या घरात. आणि आ-चिनची आठवण पुसट होऊ लागली होती. आधी ती चुलीवर ठेवलेलं विसरायची, मग नातवंडांची नावं. तिचा मुलगा फोनवर म्हणाला, "मावशी, अजून ती तुम्हाला ओळखते. तुमचा आवाज ऐकला की आपली बोली बोलते, एरवी गप्प असते. यायचं तर आता या."

आ-शियाने ठरवलं की यंदा दुसऱ्या दिवशी माहेरी जायचं. बहात्तराव्या वर्षी. ताईला आवडणारी, आमच्या यिलान भागातली पाकात मुरवलेली छोटी संत्री तिने दोन बरण्या भरून ठेवली.

अडचण एकच होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली होती. लिव्हर कडक झालं की असं होतं. लेक ली-वेन त्या दिवशी तायपेईहून आली होती म्हणून बरं, तिने न्हाणीघराची रक्ताने भरलेली लादी पाहिली आणि तेव्हापासून ती आईचा फोन पहिल्या घंटीला उचलते. डॉक्टरांनी शिरा बांधल्या. आता ते म्हणत होते की जा, तासाभराचं विमान आहे, गोळ्या जवळ ठेवा, आणि परदेशात दाखल व्हायची वेळ आली तर चालेल असा विमा असू द्या. ली-वेनचीही तीच अट होती. खरं म्हणजे आ-शियाची स्वतःची अट त्याहून कडक होती. आ-चिनला सांभाळणारी तिथली सून आधीच वाकलेली होती. तिच्या गळ्यात दुसरी म्हातारी आणि तिच्या इस्पितळाचं बिल घालायचं नाही. पाहुणी म्हणून जायचं, ओझं म्हणून नाही.

सूमानने चार दिवसांत प्रवासविमा काढला. तोच कागद घ्यायला आ-शिया त्या मंगळवारी तिच्या घरी आली होती. ली-वेनने फोटो काढून पाठवायला सांगितलं होतं, म्हणून तिने चष्मा लावला. एरवी लावला नसता. ती फार हळू वाचते, ओळीखाली बोट धरून. बोट सरकत सरकत अर्जाच्या प्रतीवर आलं आणि थांबलं.

"सूमान, हे कुणाचं आहे?"

"तुमचंच की वहिनी. नाव बघा ना."

"नाव माझं आहे. लिव्हर कुणाचं आहे?"

सूमान हसली. म्हणाली, कागदावरचं लिव्हर चांगलंच असावं लागतं, खरं लिहिलं तर फाइल तायपेईला जाऊन बसते आणि तोवर नवं वर्ष उलटून पौर्णिमा येते. तेवीस वर्षं असंच चालतं, कुणाचं काही अडलं नाही.

"आणि तिथे मला रक्ताची उलटी झाली तर? देतील?"

"शुभ बोला वहिनी. वर्ष बदलायला आलंय."

"वर्ष बदलेल. मी तीच राहीन. देतील का, सांग."

सूमान चहाच्या किटलीत गरम पाणी ओतायला उठली. किटली भरलेलीच होती. मी डब्यातून बघत होतो. उत्तर तिला ठाऊक होतं, कारण गेल्या तेवीस वर्षांत दोन घरांच्या बाबतीत तिने ते पाहिलं होतं. आजार लपवला होता म्हणून दावा नामंजूर. दोन्ही घरांत ती सफरचंदं घेऊन गेली होती.

"मी आहे ना," ती शेवटी म्हणाली. "मी भांडेन."

"तू इथे असशील. मी तिथे असेन."

आ-शियाने कोरा अर्ज ओढून घेतला आणि पेन उचललं. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं स्वतः लिहिलं, अक्षर शाळकरी मुलीसारखं. यकृताच्या आजारापुढे 'हो'. उपचार चालू आहेत का, 'हो'. मग तिने डब्यात हात घातला आणि एक्केचाळिसांतून मला शोधून काढलं. बावीस वर्षांनी तिचा हात. कातडी सैल झालेली, बोटं थंड. मला एकदम आठवलं की मी कुणाचा आहे.

"वहिनी," सूमान हळूच म्हणाली, "एक 'हो' पडला ना, की मागचे सगळे 'नाही' उघडे पडतील. तुमचे एकटीचे नाहीत."

आ-शिया थांबली. गल्लीतली ती अकरा घरं तिलाही माहीत होती. पण तिने शिक्का मारला. मी उमटलो. माझ्या आयुष्यात विम्याच्या कागदावर खरं बोलण्याची ती पहिली वेळ. मग तिने मला पुसलं आणि स्वतःच्या पिशवीत टाकलं.

सूमानने चौकोन बदलून अर्ज पुढे पाठवला असता, तर कुणाला कळलं नसतं. तिने तो आहे तसा पाठवला. हेही नोंदवून ठेवतो.

आठ दिवसांनी, १५ जानेवारीला, कंपनीच्या विभागीय कार्यालयातून फू नावाचा तरुण अधिकारी आला. बोलायला अत्यंत नम्र. बूट दाराबाहेर काढले, आ-शियाने दिलेलं संत्रं दोन्ही हातांनी घेतलं. आणि मग त्याने बॅगेतून बावीस वर्षांच्या अर्जांच्या प्रती काढून टेबलावर मांडल्या. इस्पितळाचा विमा, अपघाताचा विमा, दोन जुन्या सहलींचे, ज्या सहलींत ती आपल्याच बेटावर मंडळाच्या बसने देवदर्शनाला गेली होती. प्रत्येकावर 'नाही'ची रांग. प्रत्येकावर मी.

"हा शिक्का तुमचाच ना, आजी?"

"माझाच."

"मग उत्तरंही तुमचीच झाली."

"साहेब, शिक्का माझा. डबा तुमच्या बाईंचा. मी हे कागद आज पहिल्यांदा बघतेय."

फूने जबाब लिहून घेतला. मी टेबलावरच होतो, मला वाचता आलं. त्याने लिहिलं, 'शिक्का आपलाच असल्याचं अर्जदार मान्य करते.' पुढचं वाक्य त्याने लिहिलं नाही. आणि त्या जबाबाखाली पुन्हा मलाच उमटवलं.

२२ जानेवारीला पत्र आलं. प्रवासविमा नाकारला आहे. कारण, अर्जदाराने पूर्वी वारंवार माहिती दडवली. शिवाय इस्पितळाचा जुना विमाही रद्द. पत्रात लिव्हरचा उल्लेख नव्हता. आजाराबद्दल ते तिला नाकारत नव्हते, खोटेपणाबद्दल नाकारत होते. बावीस वर्षं दुसऱ्याच्या हाताने खोटं लिहिलं तेव्हा तिचा विमा चालला. एकदा स्वतःच्या हाताने खरं लिहिलं आणि ती खोटारडी ठरली.

ली-वेनने रजा टाकून सहा कंपन्यांना फोन केले. पाच जणांनी लिव्हरचा सिरोसिस हे शब्द ऐकल्यावर आवाज बदलला. सहावी तयार झाली, पण लिव्हर आणि लिव्हरमुळे होणारं काहीही सोडून. अपघात चालेल, पाय मोडला तर चालेल.

"मग मला तिथे जाऊन पडूनच घ्यावं लागेल," आ-शिया म्हणाली.

ली-वेन हसली नाही. आ-शियाने दोन दिवस वाट पाहून विषय पुन्हा काढला, की विम्याशिवाय गेले तर काय होईल, चारच दिवस तर आहेत, मी तिखट खाणार नाही, जड उचलणार नाही.

"आई, मी ती लादी पुसली आहे," ली-वेन म्हणाली. "तिथे वहिनीने पुसायची का?"

ते आ-शियाचंच म्हणणं होतं. तिकिटं रद्द झाली.

गल्लीत तोवर कुजबुज पोचली होती. तीन घरांना कंपनीची पत्रं गेली. समोरच्या घरातला म्हातारा, जो रोज सकाळी आ-शियाशी मासळीच्या भावावरून वाद घालायचा, तो दार लावून घेऊ लागला. बाजारात एका भाजीवालीने तिला ऐकू जाईल असं म्हटलं, की काहींना मरायच्या आधी संत व्हायची घाई असते. आ-शियाने तिच्याकडून नेहमीसारखी भाजी घेतली आणि नेहमीसारखी एक कोथिंबिरीची काडी फुकट मागितली. तिने दिली, पण न बघता.

वर्ष संपायच्या तीन दिवस आधी सूमान आली. हातात लाल कॅलेंडर नव्हतं. बिस्किटांचा डबा होता, रिकामा. शिक्के तिने घरोघर परत केले होते. कंपनीने तिला कळवलं होतं की प्रतिनिधीने ग्राहकांच्या सांगण्यावरून अर्ज भरले असं ते धरून चालतात, तिने त्याखाली तसं लिहून द्यावं. थोडक्यात, दोष गल्लीचा. लिहून दिलं तर तिचं काम टिकेल.

तिने डबा टेबलावर ठेवला. मग तिने डब्याचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. मी बावीस वर्षं त्याच्याखाली राहिलो, पण झाकण बंद असलं की अंधार, आणि उघडलं की ते टेबलावर पालथं, त्यामुळे मला तो कधी दिसला नव्हता. तिने नखाने तो अलगद सोडवला. कंपनीचाच छापील अर्ज होता, वर 'नमुना' असं लिहिलेलं. खाली सगळे चौकोन भरून दाखवलेले. नाही, नाही, नाही, शेवटपर्यंत.

"पहिल्या दिवशी प्रशिक्षणात हा दिला," ती म्हणाली. "आम्ही अडतीस बायका होतो वर्गात. साहेब म्हणाले, असा भरलेला अर्ज परत येत नाही. मी त्याबरहुकूम भरत गेले, वहिनी. मला वाटायचं, मी तुमची खेप वाचवतेय."

आ-शियाने कागद घेतला. रागवायला ती कित्येक दिवस शब्द जमवत होती, हे मला माहीत आहे, कारण भांडी घासताना ती ते पुटपुटायची. त्यातला एकही तिने काढला नाही. म्हणाली, "तू ते लिहून दिलंस?"

"नाही अजून."

"देऊ नकोस."

सूमानने दिलं नाही. तिचं काम गेलं.

३० जानेवारी, वर्षाचा दुसरा दिवस. गल्लीत लेकी येत होत्या, जावयांच्या हातात फळांच्या पेट्या, पोरांच्या खिशात खाऊच्या पैशांची लाल पाकिटं. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आ-शियाने इशिगाकीला फोन लावला. पलीकडच्या घड्याळात पाच दहा. भाच्याने फोन आईच्या कानाला लावला आणि सांगितलं की बोल, तुझं कुणीतरी आहे.

आ-शिया म्हणाली, "ताई, नवं वर्ष सुखाचं जावो."

पलीकडून आपल्याच बोलीत, स्वच्छ आणि अदबीच्या आवाजात उत्तर आलं. "तुम्हालाही. तुम्ही त्या विम्याच्या ऑफिसातल्या बाई का?"

आ-शियाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझी धाकटी बहीण यायची आहे," आ-चिन सांगू लागली. "सु-आओला असते. लहान आहे, एकटी कधी आली नाही. तिचा कागद अडलाय म्हणे. तो झाला की निघेल. मी अंथरूण घालून ठेवलंय. बाई, तुम्ही सांगा, कागद कधी होईल?"

मी खिडकीत होतो, संत्र्यांच्या बरण्यांशेजारी. आ-शियाने फोन दोन्ही हातांनी धरला होता. 'ताई, मीच ती,' असं ती म्हणेल, याची मी वाट पाहिली. ती म्हणाली, "विचारून सांगते हं, ताई."

"विचारा. विसरू नका," आ-चिन म्हणाली. "माझ्या हल्ली लक्षात राहत नाही."

आ-शियाने खरंच विचारलं. सुट्ट्या संपल्या त्या सोमवारी, ३ फेब्रुवारीला, तिने कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं, एक प्रत विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाला. सोबत त्या पिवळ्या नमुन्याची छायाप्रत. लांबलचक तक्रार नाही, तीन प्रश्न. हा नमुना कुणी तयार केला. माझ्यासारखं लिव्हर असलेल्या माणसाने खरं लिहून प्रवास करायचा, तर कोणता अर्ज भरायचा. आणि तिसरा प्रश्न तिने बहिणीच्याच शब्दांत लिहिला, कागद कधी होईल. खाली तिने मला टेकवलं, सावकाश, पूर्ण वजन देऊन.

आता मी तिच्याकडेच असतो. माझी एक कड झिजली आहे, तळात वाळलेली शाई भरली आहे. बरण्या अजून उघडलेल्या नाहीत. रोज पहाटे ती गोळी घेते, पाण्याचा पेला माझ्याशेजारी ठेवते आणि खिडकीतून समुद्राच्या बाजूला बघते. हवा स्वच्छ असली तरी तिथून काही दिसत नाही. ती तरी बघते. माझ्या काठीचा दुसरा तुकडा त्या बाजूला कुठल्यातरी खणात असेल. तुमच्यापैकी कुणाचा शिक्का, कुणाची सही, दुसऱ्याच्या डब्यात असेल, मग तो डबा कितीही मायेचा असो, तर आज जाऊन ती घेऊन या, आणि तिच्या वरती काय लिहिलं जातं ते चष्मा लावून वाचा. मला एवढंच मागायचं आहे.

बाकी नोंदी अशा. दोन्ही पत्रं नोंदणीकृत टपालाने गेली. दोन्हींची पोच ५ फेब्रुवारीला परत आली. कंपनीच्या पोचेवर गोल शिक्का आहे, सरकारी पोचेवर सही आहे, ती वाचता येत नाही. आज २३ सप्टेंबर. जुलैपासून आ-चिनने कागदाबद्दल विचारणं सोडलं आहे. धाकटी बहीण यायची होती, हेही तिला आठवत नाही. तिन्ही प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर आलेलं नाही.